जागल्या, जमादार आणि निविदा : खानदेशातल्या राखणीचा हिशेब

अठराव्या शतकात खानदेशातल्या गावात चोरी झाली, की पहिली हाक जागल्याला जाई. हा जागल्या बहुधा भिल्ल असे. चोराच्या पावलांचा माग काढत तो शिवेपर्यंत जाई, शेजारच्या गावच्या जागल्याला बोलावून माग दाखवी, आणि तिथून पुढची जबाबदारी त्या गावाची होई. असा माग गावोगाव फिरत जिथे संपे, त्या गावाने चोर किंवा चोरीचा माल हजर करायचा. नाही जमले तर नुकसान भरून द्यायचे. त्या भरपाईत जागल्याचा वाटा असेच. या कामाबद्दल त्याला खळ्यावरचे धान्य, थोडीफार जमीन आणि सणावाराचे मानपान मिळत. पेशवाई संपल्यावर जिंकलेल्या मुलुखाचा अहवाल माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टनने १८१९ मध्ये लिहिला, तेव्हा गावोगावच्या या व्यवस्थेची त्याने बारकाईने दखल घेतली. सरकारी तिजोरीतून एक पैसा न घेणारी आणि तरीही चोरीचा जाब देणारी राखण होती ही.

खासगी सुरक्षा कंपन्यांविषयी आज जी चर्चा चालते, तिच्या मुळाशी एक गृहीतक असते. सार्वजनिक सुरक्षा पूर्वी सरकारची होती आणि आता ती हळूहळू कंत्राटदारांच्या हाती चालली आहे, असे ते गृहीतक. रुग्णालयाच्या फाटकावर, बँकेच्या दारात, बाजार समितीच्या आवारात, कारखान्याच्या गोदामापाशी उभा असलेला गणवेशातला रक्षक या समजाला दुजोरा देतो. खानदेशाच्या दोनशे वर्षांच्या इतिहासातून मात्र वेगळे चित्र दिसते. इथे राखण कायमच कोणाला तरी सोपवलेली होती : कधी वतनदाराला, कधी भाडोत्री शिबंदीला, कधी घाटातल्या नाइकाला, कधी रेल्वे कंपनीला. या सोपवण्यामुळेच दर वेळी घात झाला असे नाही. राखणीचे पैसे एका हातात आणि राखणीचा जाब दुसऱ्याच हातात, किंवा कोणाच्याच हातात नाही, अशी फारकत पडली तेव्हा मात्र घात हमखास झाला. या लेखाचे म्हणणे एवढेच आहे, आणि ते तपासायला जळगाव-धुळ्याइतका चांगला मुलूख क्वचितच सापडेल.

आधी जागल्याविषयीची एक शंका निकालात काढायला हवी. जुनी गावगाड्याची व्यवस्था आठवली की तिला सोनेरी मुलामा चढतो. प्रत्यक्षात जागल्याचे काम जन्माने गळ्यात पडलेले होते. भिल्लाचा मुलगा जागल्याच व्हायचा, आणि चोरीचा पहिला संशयही त्याच्याच वस्तीवर जायचा. ज्याला धान्य दिले नाही तर चोरी होईल, त्यालाच राखण द्यायची, असा सौदाही अनेक ठिकाणी होता. राखणीचा मोबदला आणि खंडणी यांतली रेघ पुसट होती. या आक्षेपांत तथ्य आहे, आणि ती व्यवस्था परत आणावी असे कोणी शहाणा माणूस म्हणणार नाही. पण तिच्यातली एक गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे. राखणदार कोण, त्याला कोण पोसतो आणि माल गेला तर कोणाला धरायचे, या तिन्ही प्रश्नांची उत्तरे गावातल्या पोरालाही ठाऊक होती.

ही घडी मोडली ती १८०२ पासून. होळकर, शिंदे आणि पेशवे यांच्या झगड्यात यशवंतराव होळकरांच्या फौजा खानदेशावरून गेल्या. पाठोपाठ १८०३-०४ चा दुष्काळ आला. गावे ओस पडली. खळेच उरले नाही तिथे खळ्यावरचा हक्क कुठून मिळणार? जागल्याचे उत्पन्न गेले आणि त्यासोबत त्याची जबाबदारीही गेली. भिल्ल सातमाळा आणि सातपुड्यात शिरले. कालपर्यंत ज्या वाटा राखल्या त्याच आता अडवू लागले. पेशव्यांच्या अंमलदारांनी यावर उपाय म्हणून कत्तली केल्या. भिल्लांना कौल देऊन बोलवायचे आणि ठार मारायचे, असेही प्रकार घडले. दिलेल्या शब्दावरचा विश्वास संपला, की राखणीचा करार कोणाशी करायचा हा प्रश्नच उरत नाही. धान्याचा हक्क बुडाला आणि शब्दही बुडाला. या दोन्हींच्या मोडतोडीतून खानदेशातले लुटारूंचे पर्व उभे राहिले. त्याचे खापर भिल्लांच्या स्वभावावर फोडणाऱ्या इंग्रजी कागदांनीही हा क्रम नोंदवून ठेवला आहेच.

मोकळ्या झालेल्या जागेत अरब शिबंदी आली. मराठी सरदारांकडे अरब शिपायांना मोठी मागणी होती; किल्ला लढवण्यात त्यांचा हात धरणारे कोणी नव्हते आणि धन्याच्या घरच्या भाऊबंदकीशी त्यांना देणेघेणे नव्हते. पण शिपायांचे पगार तुंबत. थकबाकी चढली की जमादार धन्याच्या दारात धरणे धरून बसे, किल्ल्याच्या किल्ल्या अडकवून ठेवी, महसुलावर हक्क सांगे. पुढे हेच लोक व्याजाने पैसे देऊ लागले. शेजारच्या बडोद्यात तर गायकवाडांच्या कर्जाला अरब जमादार जामीन राहत, आणि त्यांना हटवण्यासाठी १८०२ मध्ये वेढा घालावा लागला. खानदेशात तशी ताकद कोणाकडे नव्हती. एल्फिन्स्टनचे निरीक्षण असे, की एकजुटीने वागणारे हे लोक ज्यांच्या चाकरीला आले, त्यांनाच बाजूला सारून मालक होण्याच्या वाटेवर होते. कुंपणाने शेत खाल्ले असे आपण म्हणतो. इथे कुंपणाने शेत गहाण घेतले होते. ज्याला आपण वेळेवर पैसे देऊ शकत नाही आणि ज्याला कामावरून दूरही करू शकत नाही, त्याच्या हाती शस्त्र दिले की काय होते, याचा हा धडा आहे.

या कर्जाची वसुली १८१८ मध्ये झाली. फेब्रुवारीत सर थॉमस हिस्लॉपच्या हाताखालच्या ईस्ट इंडिया कंपनीच्या फौजेने तापीकाठचे थाळनेर घेतले. शरणागतीच्या वेळी गोंधळ झाला, शिबंदीची कत्तल झाली आणि किल्लेदार तुळशीराम मामाला फाशी दिले गेले. या क्रौर्याची चर्चा पुढे इंग्लंडातही झाली. मेच्या मध्यावर कर्नल मॅकडॉवेलने मालेगावला वेढा घातला. मालेगाव तेव्हा खानदेशात मोडत असे. नारोशंकर राजेबहाद्दरांनी बांधलेल्या त्या किल्ल्यात जेमतेम काहीशे अरब होते, तरी किल्ला महिनाभर झुंजला. कंपनीचे दोनशेहून अधिक लोक मेले किंवा जखमी झाले. दारूचे कोठार उडाल्यावर जूनच्या मध्यास किल्ला खाली झाला. शरणागतीच्या मराठी चिठ्ठीतल्या शब्दांचा अर्थ काय लावायचा यावर वाद झाला आणि एल्फिन्स्टनने अरबांच्या बाजूचा अर्थ मान्य केला. अमळनेरचा अली जमादार त्याच वर्षाअखेर शरण आला. किल्ल्यांचे धनी कधीच संपले होते. लढत होती ती त्यांची पगारी शिबंदी.

या जागी एक खोचक आक्षेप उभा राहतो. अरबांची खासगी शिबंदी ज्यांनी मोडली, ती ईस्ट इंडिया कंपनी तरी कोण होती? लंडनमधल्या भागधारकांची व्यापारी कंपनीच. मग खासगी फौजेच्या जागी सरकार आले असे म्हणण्याऐवजी, एका खासगी फौजेने दुसरीला हुसकावले असे का म्हणू नये? हे मान्य केले पाहिजे. त्यामुळे माझा मुद्दा कमकुवत होत नाही, उलट बळकट होतो. कंपनी खासगी होती, पण १७८४ च्या कायद्यापासून तिच्यावर ब्रिटिश सरकारच्या नियंत्रण मंडळाचा अंकुश होता. थाळनेरच्या फाशीबद्दल हिस्लॉपला सवाल विचारले गेले ते त्यामुळेच. हा अंकुश लंडनमधल्यांना उत्तर देणारा होता, तापीकाठच्या रयतेला नव्हे. तरीही अरब जमादाराला सवाल विचारणारे जगात कुठेच कोणी नव्हते. मालकी सरकारी की खासगी, यापेक्षा जाब कोणाला द्यायचा आहे, हा फरक मोठा ठरला.

पुढच्या सात वर्षांत कंपनीनेही चुकत चुकत तेच शिकून घेतले. पहिला पोलिटिकल एजंट कॅप्टन जॉन ब्रिग्ज याने धुळे हे ठाणे केले. भिल्लांच्या डोंगरांची रसद तोडणे आणि त्याच वेळी नाइकांना नेमणुका देऊन घाट राखायला लावणे, अशी त्याची दुहेरी चाल होती. नेमणूक घेतली तरी पुन्हा बंड, पुन्हा माफी, असे चक्र चालले. कारण नाइकाला पैसे मिळत होते, पण त्याच्या माणसांना ना जमीन होती, ना काम. १८२५ मध्ये एल्फिन्स्टन मुंबईचा गव्हर्नर असताना धोरण बदलले. तीन भिल्ल एजन्स्या निघाल्या. शेतीसाठी जमीन आणि तगाई देऊन वसाहती वसवण्यात आल्या. आणि बाविशीतल्या लेफ्टनंट जेम्स औट्रमकडे भिल्ल पलटण उभारण्याचे काम आले. धरणगाव, म्हणजे आजच्या जळगाव जिल्ह्यातला गाव, या खानदेश भिल्ल कोअरचे मुख्य ठाणे झाले. औट्रमने आधी डोंगरात शिरून टोळ्यांवर हल्ले केले आणि मग त्यांतलीच माणसे पलटणीत घेतली. त्यांच्यासोबत शिकार केली, मेजवान्या केल्या. इंग्रजी चरित्रकारांनी यातून एक शूरकथा रचली. ती बाजूला ठेवली तरी व्यवस्थेतला बदल खरा आहे. दरमहा ठरलेला पगार, हजेरीपट, कवायत आणि गैरवर्तनाला शिक्षा अशा चौकटीत जागल्याचा मुलगा शिपाई झाला. या पलटणीने भिल्लांना भिल्लांविरुद्ध उभे केले, हेही तितकेच खरे. राज्याने राखण आपल्या हाती घेतली ती उपकार म्हणून नव्हे, महसूल वसूल व्हावा म्हणून.

पण सगळी राखण पलटणीत गेली नाही. मुंबई-आग्रा रस्ता सातपुडा ओलांडतो तो शिरपूरच्या उत्तरेला सेंधव्याच्या घाटात. तिथली राखण नाइकांकडे राहिली. खाज्या नाईक याच घाटावर वर्षानुवर्षे चाकरीला होता; त्याच्या बापानेही तेच काम केले होते. एका कैद्याच्या मृत्यूवरून खाज्याला शिक्षा झाली, नोकरी गेली, आणि उत्तरेत उठाव पेटल्यावर १८५७ मध्ये गरजेपोटी त्याला पुन्हा कामावर घेतले गेले. काही महिन्यांतच तो बंडात उतरला. नोव्हेंबरात इंदूरहून मुंबईकडे निघालेला सुमारे सात लाखांचा खजिना त्याच्या लोकांनी याच वाटेवर लुटला. ११ एप्रिल १८५८ रोजी अंबापाणीला मोठी लढाई झाली, पकडलेल्या भिल्लांना गोळ्या घातल्या गेल्या. १८६० मध्ये खाज्याचा दग्याने अंत झाला. आज आपण त्याला स्वातंत्र्ययोद्धा म्हणून आठवतो, आणि ते योग्यच आहे. राखणीच्या इतिहासाच्या दृष्टीने मात्र त्याच्या आयुष्यातली आधीची वर्षे बोलकी आहेत. गरज पडली की कामावर घ्यायचे, नको झाला की काढायचे. घाटाची अवघी जोखीम त्याच्या डोक्यावर, सरकारच्या लेखी त्याची किंमत मात्र रोजंदाराइतकी. अशा माणसाने खजिना आपला मानावा तरी का?

१८५७ नंतर सरकार पोलिसांच्या बाबतीत कमालीचे सावध झाले. १८६७ मध्ये मुंबई इलाख्यात जिल्हा पोलिसांचा आणि गाव पोलिसांचा असे दोन स्वतंत्र कायदे झाले. जागल्या नावाला राहिला, पण पोलीस पाटलामार्फत सरकारी यंत्रणेला बांधला गेला. १८९१ मध्ये भिल्ल कोअर पोलीस दलात विलीन झाली. १९०६ मध्ये खानदेशाचे पूर्व आणि पश्चिम असे दोन जिल्हे झाले, तेच पुढचे जळगाव आणि धुळे. रेल्वेची गोष्ट आणखी सरळ आहे. भुसावळचे जंक्शन उभारणारी ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे ही पाच टक्के परताव्याची सरकारी हमी घेतलेली खासगी कंपनी होती. गाड्यांतल्या मालाची राखण तिच्या पगारी चौकीदारांकडे असे. हेच खाते पुढे वॉच अँड वॉर्ड झाले, आणि १९५७ च्या कायद्याने त्याचे रेल्वे सुरक्षा दल बनले. कंपनीचा चौकीदार केंद्राचा जवान झाला. १९५८ च्या कायद्याने कनिष्ठ गावकामगारांची वतने गेली आणि जागल्याचे जुने बंधनही संपले. शतकभराचा हा प्रवास एकाच दिशेने होता : राखणीचे पैसे सरकारी तिजोरीतून, जाबही सरकारचा. १८६७ ते १९५८ एवढ्या काळापुरते पाहिले, तर सुरक्षा ही सरकारची असते हे गृहीतक खरे वाटते. ती एक लांबलेली पण तात्पुरती अवस्था होती.

परतीचा प्रवास शहरे आणि उद्योग वाढले तसा सुरू झाला. महाराष्ट्राने त्याची दखल बऱ्याच लवकर घेतली. १९८१ च्या राज्य कायद्याने सुरक्षा रक्षक मंडळांची कल्पना आणली : रक्षकाची नोंदणी मंडळाकडे, मालकाने वेतन आणि वरची आकारणी मंडळात भरायची, मंडळाने रक्षकाला पगार आणि भविष्यनिर्वाह निधी द्यायचा. मंडळावर सरकार, मालक आणि रक्षक तिघांचेही प्रतिनिधी. मधला ठेकेदार वगळण्याचा हा विचारी प्रयत्न होता. पण याच कायद्यातल्या सवलतीच्या कलमातून अनेक एजन्स्या बाहेर राहिल्या. २००५ च्या केंद्रीय कायद्याने एजन्सीला परवाना सक्तीचा केला, रक्षकाला १६० तासांचे प्रशिक्षण ठरवले आणि पोलिसांसारखा दिसणारा गणवेश घालणे हा गुन्हा केला. अधिकाराच्या बाबतीत रक्षक कोणत्याही नागरिकाइतकाच : समोर अजामीनपात्र आणि दखलपात्र गुन्हा घडला तर तो गुन्हेगाराला धरू शकतो, पण फौजदारी प्रक्रियेच्या नव्या संहितेनुसार सहा तासांच्या आत पोलिसांच्या हवाली केलेच पाहिजे. परवाना, प्रशिक्षण, गणवेश, सगळे कायद्यात आहे. राखणीत कसूर होऊन तिसऱ्याच माणसाचे नुकसान झाले तर ते कोणी भरून द्यायचे, हा जागल्याच्या काळातला पहिला प्रश्न मात्र व्यवहारात मालक आणि एजन्सी यांच्यातल्या करारावर सोडलेला असतो. तो करार त्या तिसऱ्या माणसाने कधी पाहिलेला नसतो.

धुळ्यात मार्च २०१७ मध्ये हे उघडे पडले. तिथल्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात रुग्णाच्या नातेवाइकांनी एका निवासी डॉक्टरला मारहाण केली. त्याच्या डोळ्याला गंभीर इजा झाली. मुंबईतही तसेच प्रकार घडल्यावर राज्यभरातले निवासी डॉक्टर सामूहिक रजेवर गेले आणि प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात पोचले. सरकारने उत्तर दिले ते असे : राज्यातल्या सरकारी रुग्णालयांत ११०० सुरक्षा रक्षक टप्प्याटप्प्याने नेमू. हे रक्षक पोलिसांचे नव्हते, कुठल्या खासगी एजन्सीचेही नव्हते. ते होते महाराष्ट्र राज्य सुरक्षा महामंडळाचे. २६/११ च्या हल्ल्यानंतर, २०१० च्या कायद्याने उभारलेले हे महामंडळ मोबदला घेऊन रक्षक पुरवते. म्हणजे सरकारी रुग्णालयाने सरकारी महामंडळाला पैसे द्यायचे, आणि सरकारी दवाखान्यातली शांतता विकत घ्यायची. या व्यवस्थेला सरकारी म्हणावे की खासगी, हे ठरवणे कठीण आहे, आणि ठरवून फारसा उपयोगही नाही. प्रश्न जुनाच आहे : डॉक्टर पुन्हा मार खाईल तेव्हा अधिष्ठात्याने उत्तर द्यायचे, महामंडळाने द्यायचे, की ठाण्याच्या निरीक्षकाने?

यावर व्यवहारी माणूस म्हणेल, पोलिसांची संख्या अपुरी आहे, दर फाटकावर शिपाई उभा करणे परवडणार नाही; मग रक्षक घ्यायचे नाहीत तर काय करायचे? हे बरोबर आहे, आणि रक्षक घेऊ नयेत असे या लेखाचे म्हणणेही नाही. अरबांची उपमा अतिशयोक्त आहे, असेही कोणी म्हणेल : आजचा रक्षक बहुधा निःशस्त्र, कमी पगाराचा, बारा तास उभा राहणारा गरीब माणूस आहे, त्याची तुलना किल्ला अडवून बसलेल्या जमादाराशी कशी करायची? करूच नये. आजच्या रक्षकाचे खरे साम्य जमादाराशी नाही, खाज्या नाइकाशी आहे : जोखीम पूर्ण, दर्जा अर्धा, नोकरी कधीही जाणारी. जमादाराची आठवण यावी ती निविदा जिंकणाऱ्याला पाहून, जेव्हा बिले थकतात, करार लांबतो, आणि रक्षकाचा पगार त्या थकबाकीत अडकतो. खानदेशात पगार थकला तेव्हा राखणदाराने काय केले, हे १८०३ मध्येही दिसले आणि मालेगावच्या तटावरही दिसले. आजचा रक्षक बंड करणार नाही. तो फक्त फाटकावर उभा राहणे सोडून देईल किंवा उभा राहूनही पाहणे सोडून देईल. नुकसान तेवढ्यानेही होते.

तेव्हा जिल्हा रुग्णालय असो, बाजार समिती असो की महानगरपालिका, राखणीची निविदा काढताना सर्वांत कमी दर कोणाचा एवढे पाहून चालणार नाही. रक्षकाचा पगार दरमहा त्याच्या हाती पडतो की नाही, हे कोण तपासणार. चूक झाली तर कोणाचा माणूस उत्तर देणार. आणि नुकसान झालेल्याला पैसे कुठून मिळणार, हे तीन मुद्दे करारात लिहिलेले आणि फाटकावर लावलेले असले पाहिजेत. दोनशे वर्षांपूर्वी एका निरक्षर जागल्याला या तिन्हींची उत्तरे तोंडपाठ होती. आज ती सांगू शकणारा कागद बहुतेक फाटकांवर नाही.